पवळीचं रक्त

“मॅडम, मी शिवंच्या आत गाडी घालनार न्हाई,” असं म्हणून गुंडूमामांनी जीपची किल्ली काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

समोर रस्त्यावर आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे आडवे बांधले होते. त्यांच्या पलीकडे आवळवणे गाव सुरू होत होतं आणि त्या गावात तेव्हा एकही माणूस नव्हता. माणूस सोडा, कोंबडीसुद्धा नव्हती. गावपळण चालू होती. मालवणाकडच्या काही गावांत ही प्रथा आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरांना कड्या घालून, गुरंढोरं, कुत्री-मांजरं घेऊन तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतो. तेवढे दिवस गाव देवाचा. परत यायचं तेही देवानं कौल दिल्यावरच.

मला हे आधी कळलं असतं तर मी आलेच नसते. मी आले होते एका गाईचं रक्त काढायला.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लातूरकडच्या आमच्या घरात सगळेच भित्रे. वीज चमकली की वडील रेडिओ बंद करून खाटेवर पाय वर घेऊन बसायचे आणि आईनं जन्मात कधी विहिरीत डोकावून पाहिलं नाही. अशा घरातली मुलगी पशुवैद्य झाली आणि वर गोचिडींवर संशोधन करायला लागली, याचं घरच्यांना अजून नवल वाटतं. मलाही वाटतं.

आमची प्रयोगशाळा गोचिडींवरची लस शोधत होती. म्हणजे लस टोचायची गाईला आणि मरायची गोचीड. ऐकायला जादूटोणा वाटतो, पण युक्ती साधी आहे. गोचिडीच्या आतड्यातलं एखादं प्रथिन निवडायचं आणि ते गाईला टोचायचं. गाईचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्यावर मारा करणारी द्रव्यं रक्तात तयार ठेवतं. मग गोचिडीनं ते रक्त प्यायलं की तिचं आतडं आतूनच निकामी होतं. अशी एक जुनी लस होती, पण आमच्याकडच्या गोचिडी तिला दाद देत नव्हत्या. नवीन प्रथिन हवं होतं आणि गोचिडीच्या अंगात प्रथिनं हजारो. नेम कुठल्यावर धरायचा, इथंच सगळं अडलं होतं.

आमचे हिर्लेकर सर म्हणायचे, “आपल्याला कळत नाही ना, मग ज्याला कळतं त्याला विचारू. ज्या गाईला गोचीड टिकतच नाही, तिच्या रक्ताला नेम ठाऊक असणार.”

ती गाय आम्हाला आवळवण्यात सापडली होती. पवळी तिचं नाव. बुटकी, तांबूस, शिंगं आत वळलेली. शेजारच्या गुरांच्या कानांत आणि कासेला गोचिडींचे घोस असायचे आणि पवळीच्या अंगावर चढलेल्या गोचिडी सुकून गळून पडायच्या. पहिल्या खेपेला तिचं थोडं रक्त नेलं होतं ते तपासण्यांत संपलं. आता ती गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि गाय विण्याच्या सुमारास ही द्रव्यं रक्तातून चिकात उतरतात. म्हणून सरांनी मला घाईनं पिटाळलं. “विण्याआधी गाठ,” म्हणाले. “नाहीतर पुढच्या वर्षावर गेलं.”

ते म्हणाले नाहीत, पण आम्हा दोघांनाही माहीत होतं ते वेगळंच. त्या वर्षी त्या पट्ट्यात माकडताप होता. काजूच्या बागांत माकडं मरून पडत होती आणि माणसंही दगावली होती. तो तापही गोचिडीच पसरवतात, आणि तोही मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोचिडी नव्हे. त्यांची पिल्लं. तिळाएवढी. चावलेली कळतसुद्धा नाहीत.

गुंडूमामांना जीपपाशी सोडून मी गावकऱ्यांच्या तळाकडे गेले. शिवेबाहेरच्या कातळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या होत्या. चुली पेटल्या होत्या, कुणी भजन म्हणत होतं, पोरं क्रिकेट खेळत होती. जत्राच भरली होती म्हणा ना. पवळीची मालकीण, सरूवहिनी राऊळ, मात्र एका खोपीबाहेर तुटलेलं दावं हातात धरून बसली होती. चाळिशीची काटक बाई. नवरा दशावतारी कंपनीत, मोसमभर गावोगाव फिरायचा, त्यामुळे घर, शेत आणि गाय तिच्याच अंगावर.

“डाक्टरबाय, तुमी इलात?” ती म्हणाली. “तुमची पवळी पळाली.”

“कुठं पळाली?”

तिनं हनुवटीनं गावाकडे दाखवलं. “घराक गेली. सकाळपासून कळा दाखवत होती. हंय कातळार तिका बरा वाटूक नाय. माझी नजर चुकवून दावा तोडलान आणि गेली आपल्या गोठ्यात व्याऊक.”

“मग जाऊन घेऊन या की तिला.”

वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

“कौल झाल्याशिवाय गावचो माणूस आत जाणा नाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “गावकरांक सांगितलंय तर म्हणतत, देवाची गाय, देव बगतलो. पण तिचा पयला वासरू आडवा इला होता. मेला ता. ह्या खेपेकय तसाच झाला तर ती एकटी...” हातातलं दावं तिनं मनगटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, “तुमी भायल्या. तुमका आमची रीत लागू नाय.”

“खरंच लागू नाही?”

“माका काय म्हायत,” ती म्हणाली.

आता ह्याला काय म्हणायचं? मी देवधर्म फारसा न मानणारी, पण “लागू नाही” असं कुणी ठामपणे म्हटलं असतं तर माझे पाय जरा तरी हलके झाले असते. मी पिशवी उचलली. रक्ताच्या नळ्या, सुई, बर्फाचा डबा, साबण, दोरी. आरोग्य केंद्रातून मिळालेलं गोचिडींवरचं तेल हातापायांना, मानेला चोळचोळून लावलं. विजारीचे पाय मोज्यात खोचले. आणि टाळ्यांखालून वाकून आत गेले.

भर दुपार होती. रिकाम्या गावाला रात्रीची गरजच नसते, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक दाराला कडी. अंगणं सारवलेली आणि त्यांवर एक पाऊल नाही. कपड्यांच्या एका वळणीवर कुणाचा तरी सदरा विसरला होता आणि वारा आला की तो बाही उचलायचा. मी तीनदा दचकले, तिन्ही वेळा त्याच सदऱ्याला. माझ्या बुटांचा आवाज मागच्या भिंतीवरून परत येत होता आणि कुणीतरी मागून येतंय असं वाटत होतं. मी बूट हातात घेतले. मग नुसत्या मोज्यांवर गोचीड चढेल या भीतीनं पुन्हा घातले. रवळनाथाच्या देवळावरून जाताना मी मान वळवली नाही. मनातल्या मनात मात्र म्हणून घेतलं, “मी लातूरची आहे, मला यातलं काही माहीत नाही.”

पवळी गोठ्यात आडवी पडली होती. एक खूर बाहेर आलेला, एकच. डोळे पांढरे केलेले. कळ आली की तिच्या सगळ्या अंगातून थरकाप जायचा आणि बाहेर काहीच यायचं नाही.

एक पाय आत दुमडलेला असणार. हात घालून वासरू मागं ढकलायचं, पाय सरळ करायचा आणि मग ओढायचं. पशुवैद्यकीच्या पुस्तकात हे चार ओळींत लिहिलेलं असतं. त्याआधीचंही एक लिहिलेलं असतं, की हात खांद्यापर्यंत साबणानं स्वच्छ धुवावेत. इतकी वर्षं मी ते न विचार करता करत आले होते, तसंच केलं. हातपाय धुवायच्या दगडावर, पाथरीवर बसून दोन्ही हात खांद्यापर्यंत, मानेपर्यंत खसखसून धुतले आणि गाईच्या मागं जमिनीवर आडवी झाले. कोपरापर्यंत हात आत गेल्यावर मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. अंगावरचं तेल मी आपल्या हातानं धुऊन टाकलं होतं. आणि माझा गाल ज्यावर टेकला होता तो पातेरा होता.

पातेरा म्हणजे रानातला सुका पालापाचोळा. गुरांखाली मऊ बिछाना म्हणून बायका तो काजूबागेतून, रानातून टोपल्या भरभरून आणतात आणि गोठ्यात पसरतात. वहिनीनं तर विणाऱ्या गाईसाठी गुडघाभर पसरला होता. मायेनं. माकडतापाच्या गोचिडी त्या रानातल्या पाल्यातच असतात. आणि गुरं गेल्यापासून त्या गोठ्यात पवळीखेरीज श्वास घेणारं कुणी आलं नव्हतं. गोचीड डोळ्यांनी नाही शोधत. ती श्वासानं शोधते. आपण सोडलेल्या श्वासाच्या दिशेनं चालत येते. मी हे विद्यार्थ्यांना शिकवत असे.

आणि मी तिथं पडून धापा टाकत होते.

पहिली मला माझ्या नाकासमोरच्या पानावर दिसली. तीळ, पण चालणारा. पानाच्या टोकाशी आली, पुढचे पाय वर उचलून हवेत हलवले आणि थांबली. तिच्या मागं दुसरी. मग पातेऱ्यात कुठं कुठं काय काय हलतंय ते दिसायला लागलं आणि मी डोळे मिटून घेतले.

माझा उजवा हात आत वासराच्या गुडघ्यावर होता. डाव्या हातानं मी गाईच्या मांडीला रेटा देत होते. हात काढला तर वासरू कळेबरोबर परत पुढं येऊन अडकणार, आणि पवळीत आणखी एक फेरी झेलायचं त्राण नव्हतं. मला पळायचं होतं. अगदी मनापासून पळायचं होतं. दंडावर काहीतरी चालत होतं. मानेवरही. ते खरं होतं की भीतीनं वाटत होतं, आज सांगता येणार नाही. मी रडत होते एवढं आठवतं.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली.

रिकाम्या गावात पावलं वाजतात तेव्हा काय होतं ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. पावलं सावकाश आली, गोठ्याच्या दाराशी थांबली, आणि वहिनीचा आवाज आला, “खंयपर्यंत इला?”

“वहिनी! तुम्ही कशाला आलात?”

“मागच्या पाणंदीन इलंय. कोणी बगूक नाय.” ती आत आली, पवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या कपाळावर हात फिरवायला लागली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “गे बाय माझे. मानेर बगा कितके चढलेत.”

“काढा,” मी म्हटलं. “काढा, काढा, काढा.”

ती गाईचं डोकं हलकेच खाली ठेवून माझ्याकडे आली आणि माझ्या मानेवरच्या, दंडावरच्या, कानामागच्या गोचिडी एकेक करून वेचायला लागली. वेचायची आणि अंगठ्याच्या नखावर चिरडायची. गोठ्यात वाढलेली बाई जशी करते तशी.

“चिरडू नका, वहिनी. हाताला लागेल. ताप त्यातूनच येतो.”

“मगे काय करू, पूजा करू?” ती म्हणाली. “तुमी वासराक बगा. तुमच्या अंगावरचा माझ्याकडे ऱ्हवांदे.”

“तुमच्याही पायावर चढतायत.”

“माझ्या कातडेक ते टिकनत नाय. मी पवळेसारखीच.”

आणि मी त्यावर विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचा होता म्हणून ठेवला. गुडघा सापडला, खूर मुठीत आला, पाय सरळ झाला. मग दोघींनी मिळून दोरी लावून ओढलं आणि पाडी बाहेर आली. ओली, लाल, जिवंत. पवळीनं मान वळवून हंबरून तिला हाक मारली. तेव्हा मी ताडकन उठून उभी राहिले आणि अंग झाडत गोठ्याबाहेर उन्हात पळाले.

“रक्त नको तुमका?” वहिनी आतून म्हणाली.

मी विसरलेच होते. सर विण्याआधी म्हणाले होते, पण नुकतीच व्यालेली चालेल या आशेनं मानेची शीर शोधली, नळ्या भरल्या, बर्फात ठेवल्या. वहिनीनं पाडी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागं पवळी आपण होऊन चालू लागली. पाणंदीतून त्या बाहेर पडल्या. गाय शिवेबाहेर काजूत सापडली, तिथंच व्याली, असं तळावर सांगायचं ठरलं. मी मात्र टाळ्यांखालूनच परत आले आणि गाय गावात मिळाली नाही म्हणाले. कुणी शंका घेतली नाही.

व्हाळावर, म्हणजे तिथल्या ओढ्यावर, वहिनीनं माझे केस विंचरून विंचरून पाहिले. गुडघ्यामागं एक, काखेत दोन रुतलेल्या निघाल्या. ती स्वतःचं काही बघू देईना. “तां काय नाय,” म्हणून पदर खोचून चुलीकडे गेली.

पुढचे दिवस मी काखेत थर्मामीटर घालून काढले. हे शब्दशः घ्या. माकडताप गोचीड चावल्यापासून आठवड्याभरात उमटतो, हे मला ठाऊक होतं, आणि सकाळी उठल्यापासून मी त्याची वाट बघत असे. डोकं दुखलं की हात थंड पडायचे. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का म्हणून आरशासमोर तोंड वासून उभी राहायचे. आईला फोन केला आणि उगाचच म्हटलं, “काही नाही, आवाज ऐकावासा वाटला.” ती लगेच घाबरली. आमच्या घरची रीतच ती.

एका दुपारी सरांनी हाक मारली. पवळीच्या रक्तानं तपासणीच्या पट्टीवर एक ठळक रेघ उमटवली होती. इतर गाईंच्या रक्तात त्या जागी काही नव्हतं. “हाच नेम!” सर म्हणाले. मी त्यांना कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं. पुढे त्या प्रथिनाची वासरांवर चाचणी झाली. सगळ्या गोचिडी मेल्या नाहीत, पण ज्या जगल्या त्यांची बरीचशी अंडी फुटली नाहीत, आणि ते काम अजून चालू आहे. तेव्हा मात्र मी पट्टीकडे बघत होते आणि काखेत थर्मामीटर होता.

त्याच संध्याकाळी फोन आला. “डाक्टरबाय,” वहिनीचा आवाज घोगरा होता. “माका ताप इलो. अंग असा दुखता की कोणी कुटल्यासारखा.”

मी तुम्हाला खरं सांगते, एका क्षणासाठी माझ्या मनात आलं की ताप माझा नाही. मग तो कुणाचा आहे ते कळलं.

“दवाखान्यात गेलात?”

“नाय. थंय इचारतले, गोचीड खंय लागले. काय सांगू?”

“काजूच्या बागेत लागल्या म्हणून सांगा.”

“देवाक फसवलंय. आता डाक्टराकय फसवू?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गुंडूमामांना घेऊन निघाले. त्यांनी गाडी नेहमीपेक्षा जोरात मारली. वहिनीला उचलूनच जीपमध्ये घातलं आणि मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांना मी सांगितलं, गोठ्यातल्या पातेऱ्यात गोचिडी लागल्या, मीही तिथं होते. कुठल्या दिवशी ते त्यांनी विचारलं नाही. रक्त तपासायला गेलं आणि माकडताप निघाला. यावर औषध नाही, ते म्हणाले. सलाईन द्यायचं, लक्ष ठेवायचं, वाट पाहायची.

तिचा नवरा जत्रेतला खेळ सोडून धावत आला. गालांवर रंगाचे डाग तसेच होते. दुपारी तो बाहेर बाकावर बसल्या बसल्या झोपला आणि मी आत तिच्या खाटेशी बसले. ओठ फाटले होते. नाकाशी वाळलेलं रक्त होतं. डोळे इतके लाल की बघवत नव्हतं.

“दार लावा,” ती म्हणाली. मी लावलं.

“माका गाऱ्हाणा घालूचा आसा. एकट्यान घालता येणा नाय. कोणतरी व्हय म्हाराजा म्हणूक होया. आणि ह्या दुसऱ्या कोणाक म्हायत नाय.”

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं मांडलेली कैफियत. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मी देवळात ऐकलं होतं, कधी म्हटलं नव्हतं. मी मान हलवली. तिनं कसेबसे हात जोडले. सलाईनची नळी लोंबत होती.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“तुझो गाव रिकामो होतो, थंय तुझा राज्य होता, आणि मी येडी बायल शीव मोडून आत इलंय.”

“व्हय म्हाराजा.”

“माझ्या मुक्या जनावराचो जीव अडकलो होतो. तुझो अपमान करूक नाय इलंय.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या पोरीक मी धाडलंय. तिका आमची रीतभात म्हायत नाय. तिचो गुन्हो नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“तर जां काय तुका होया आसात, तां माझ्याकडसून घे. तिच्या अंगाक हात लावू नको.”

मी होकार भरला नाही.

“म्हणा,” ती म्हणाली.

“वहिनी, तुम्ही त्या दिवशी माझ्यामागं गावात यासाठी आलात?”

“मगे कित्याक? पवळेसाठी तर तुमका धाडलेला मा.” तिला दम लागला. ती थोडं थांबली. “तुमी गेलात आणि माका सुचाना. गावपळणीत आत शिरलेल्याक देव सोडणा नाय असा म्हणतत. म्हटलंय, माझ्यापायी परक्याची पोर जायत. गावचा कोणतरी हाजीर असलेला बरा. घेवचाच असलो तर माका घेतलो.”

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“भिया? पाय लटपटत होते माझे. पाणंदीत दोनदा बसलंय.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “तुमका दिसला नाय. तुमी तर डोळेच मिटलेले.”

मी तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखात अजून काळं होतं. माझ्या मानेवरचं, माझ्या दंडावरचं तिनं त्या नखावर घेतलं होतं, आणि मी तिला सारखं काढा, काढा म्हणत होते.

“म्हणा आता,” वहिनी म्हणाली. “अर्ध्यार सोडू नये.”

बाहेर व्हरांड्यात ट्रॉलीची चाकं वाजत गेली. मला भीती वाटत होती. त्या खोलीत त्या वेळी देव होता की नव्हता, मला माहीत नाही. पण मी व्हय म्हटलं तर ते कुठंतरी ऐकलं जाणार, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं.

“नाय म्हाराजा,” मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. “असा म्हणूचा नसता गाऱ्हाण्यात.”

“मग मी घालते गाऱ्हाणं. तुम्ही होकार भरा.” मी तिचा तापलेला हात माझ्या दोन्ही हातांत धरला. “बा देवा रवळनाथा म्हाराजा. गावात दोघी होतो. घ्यायचंच असेल तर एकीकडून सगळं घेऊ नको. दोघींकडून अर्धं अर्धं घे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही, आणि भित्रेपणानं असंही वाटलं की न आलेलंच बरं. मग तिचे फाटलेले ओठ हलले.

“व्हय म्हाराजा,” सरूवहिनी म्हणाली.

तिचा ताप हळूहळू उतरत गेला आणि ती वाचली. मला दुसऱ्याच दिवशी सकाळी ताप भरला. थंडी वाजली, सांधे दुखले, मी तिच्याच शेजारच्या खाटेवर पडून राहिले आणि आता सगळं संपलं असं धरून चालले. वहिनी अशक्त हातानं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायची आणि म्हणायची, “भिया नको. तुझो वाटो अर्धोच आसा.” ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली.

ताप दोन दिवसांत गेला. माझं रक्त तपासायला गेलं होतं. त्यात माकडताप नव्हता, साधाच कसलासा ताप होता. तो कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. वहिनीला तपासणीचं काही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.